मच्छरदाणीतला चौमासा

आमच्या घरात चौमासा बसतो आणि कोंबडी बसते, दोन्ही एकाच सुमारास. चौमासा बसला की पालेभाजी स्वयंपाकघरातून हद्दपार होते, पाणी उकळून, गाळून मगच माठात पडतं, दिवेलागणीच्या आत ताटं घासून पालथी होतात. आणि कोंबडी बसली की ढेपेच्या गोदामात सगळ्यांनी हळू बोलायचं असतं. यंदाही आषाढातली चौमासी चौदस झाली नाही तोच मागच्या अंगणातली तांबडी खुडूक झाली. पिसं फुगवून, सरकीच्या रिकाम्या पोत्यांवर ठाण मांडून बसली आहे. जवळ गेलं की टोचायला धावते. बाईंनी दारातूनच डोकावून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "संगीता, मोबाइलची बॅटरी नीट लागते ना गं? लागेल आता."

वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगून टाकते. आम्ही जैन. शहाद्यात आमचं ढेप-सरकीचं दुकान आहे, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, आजोबांनी राजस्थानातून येऊन मांडलेलं. तापीकाठचे गुजर शेतकरी गाई-म्हशींसाठी ढेप आमच्याकडून नेतात. घरात कांदा-बटाटा येत नाही, मग अंड्याचं नाव कोण काढणार? केकच्या खोक्यावरची अक्षरंसुद्धा आम्ही दोनदा वाचतो. अशा घरात दर चौमाशाला अंडी उजेडावर धरून पाहिली जातात, आणि पाहणारी माझी सासू असते. तिलाच सगळं घर 'बाई' म्हणतं. माझ्या माहेरी हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. आई म्हणते, "काहीतरीच काय!"

याची सुरुवात झाली त्या वर्षी बाजाराच्या दिवशी एक कोंबडी पळाली. डोंगरातून आलेल्या कुणा बाईच्या टोपलीतून सुटली म्हणे. स्टँडपासून आमच्या गल्लीपर्यंत आरडाओरडा झाला, पोरं धावली, आणि कोंबडी गडप. तिची मालकीण थोडा वेळ शोधून, कपाळावर हात मारून गावच्या गाडीला निघून गेली. गोदाम झाडणाऱ्या सुमनबाईंना ती सापडली ती बऱ्याच दिवसांनी, ढेपेच्या थप्पीमागे. "व बाई, आठे तर कोंबडी बठेल शे! आंडा बी शेतस!" सुमनबाई असं ओरडल्या की बाबूजी गल्ल्यावरून उठून आले. अंडी हा शब्द त्यांनी ऐकला आणि तसेच मागे फिरले.

बाईंनी मात्र मूठभर ज्वारी आणि वाटीभर पाणी थप्पीमागे सरकवलं. बसू दे, म्हणाल्या, बाळंतीण आहे. पुढच्या बाजाराला सुमनबाईंनी त्या मालकिणीची चौकशीही केली, पण ती पुन्हा आली नाही. आणि मग एका सकाळी कोंबडीची नुसती पिसं सापडली. मुंगसानं नेली. अंडी तेवढी जागच्या जागी. बाई थप्पीमागे वाकल्या, आणि आयुष्यात ज्या बाईनं अंड्याला बोट लावलेलं नव्हतं तिनं सरळ तळहात त्या अंड्यांवर ठेवला. "अजून गरम आहेत," म्हणाल्या.

"देई द्या बाई," सुमनबाई म्हणाल्या, "मी लई जास. संध्याकाळले भुर्जी करसू."

बाईंचा चेहरा असा काही झाला की सुमनबाईंनी जीभ चावली. "हात नको लावू," बाई म्हणाल्या. "त्यामा जीव शे."

झालं. त्या तीन शब्दांनी आमच्या घराचा चौमासा बदलून गेला. कारण पुढचा प्रश्न सरळ होता. फेकायची तर हिंसा, द्यायची तर भुर्जी, तशीच सोडायची तर गारठून मरणार. मग उरलं काय? उबवायची. कुणी? ज्यांच्या सात पिढ्यांत अंडं कुणी फोडलं नाही त्यांनी! मी बी.एस्सी. आहे, तीही झूऑलॉजी घेऊन. पण कॉलेजात बेडूक कापायचा दिवस आला की मला नेमका ताप यायचा. सुमनबाईंची आणि अंड्याची ओळख तव्यावरची. आम्हा तिघींत मिळून ज्ञान शून्य. पण बाईंनी पदर खोचला होता, आणि बाईंनी पदर खोचला की आमच्याकडे वाद मिटतो.

औषधाच्या दुकानातून थर्मोकोलचा खोका आला. बल्ब मात्र मिळेना. दुकानदार म्हणे, ताई, एलईडी घ्या, लाइट बिल कमी येईल. अहो, मला उजेड नकोय, ऊब हवी आहे! शहाद्यातली सगळी इलेक्ट्रिकची दुकानं पालथी घातली तेव्हा स्टँडमागच्या एका भंगारवाल्याकडे जुना पिवळा बल्ब निघाला. आमच्या ह्यांनी तो खोक्यात बसवला, बाजूंना हवेसाठी भोकं पाडली, आत थर्मामीटर लटकवला आणि खोका घरातल्या कोठीत खाटेवर ठेवला. हवेत ओल राहावी म्हणून पाण्याची वाटी ठेवायची असते, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. बाईंनी त्या वाटीतसुद्धा उकळून गाळलेलंच पाणी घातलं. "बाई, ते पिणार थोडेच आहेत?" मी म्हटलं. "आपल्या घरात आहेत ना," त्या म्हणाल्या. 

बाबूजींनी हे सगळं पाहिलं आणि एकच वाक्य बोलले, "पर्युषण तोंडावर आलंय. स्थानकातले लोक काय म्हणतील?" त्यांचंही खरं होतं. बाबूजी स्थानकाच्या, म्हणजे आमच्या धर्मस्थानाच्या, कामात पुढे असणारे, गावात त्यांच्या शब्दाला मान. लोक सल्ला विचारायला येतात अशा माणसाच्या कोठीत अंडी सापडली तर सल्ला राहील बाजूला. त्यांनी जाहीर केलं की ते त्या कोठीत पाऊल टाकणार नाहीत. टाकलंही नाही. पण पावसामुळे लाइट वरचेवर जायची आणि बाई गरम पाण्याचे डबे घेऊन धावायच्या, तेव्हा एक दिवस दुकानाच्या इन्व्हर्टरवरून कोठीपर्यंत वायर ओढलेली दिसली. कुणी ओढली हे कुणी विचारलं नाही, आणि बाबूजींनी सांगितलं नाही.

बाई दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवायच्या. सामायिक, म्हणजे दोन घटकांची ध्यानाची बैठक, झाली की उठून अंडी फिरवायची, असा त्यांनी नेमच केला. बोटांच्या टोकांनी, अगदी हलकं. माझी मुलं तान्ही होती तेव्हा त्यांची कूस बदलतानाही बाई अशाच फिरवायच्या, हे मला तेव्हा आठवलं आणि उगाच भरून आलं.

मग अंडी बॅटरीवर पाहायची वेळ आली. मोबाइलवरचा माणूस सांगत होता की सगळ्याच अंड्यांत पिल्लू धरत नाही. न धरलेली आणि आत मेलेली ओळखून काढून टाकावी लागतात, नाहीतर सडतात, फुटतात, बाकीच्यांनाही धोका. मला हे सोपं वाटलं. बाईंना नाही. "म्हणजे कोण जिवंत, कोण मेलं, हे आपण ठरवायचं?" त्यांनी विचारलं, आणि त्या दुपारी त्या जेवल्याच नाहीत. उगाच भाव खात होत्या असं समजू नका. ज्या बाईनं भाजी निवडताना अळी निघाली तर पानासकट ती उचलून अंगणातल्या झाडावर नेऊन ठेवली आहे, तिच्या तोंडून 'हे मेलं, टाका' असं निघायचं होतं. चुकून जिवंत टाकलं तर? तिच्या सगळ्या चौमाशांवर पाणी.

गोदामाला खिडकी नाही, दार लावलं की भरदुपारी अंधार. ढेपेचा तेलकट वास, पत्र्यावर पाऊस, आणि आम्ही दोघी पोत्यांवर बसलेल्या. चहाच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून आत मोबाइल ठेवला, भोकावर पहिलं अंडं धरलं. सगळं अंडं आतून लाल-केशरी झालं. संत्र्याची फोड उन्हात धरल्यावर तिच्यातले धागे दिसतात, तशा बारीक शिरा चारी बाजूंना पसरलेल्या. मध्ये एक काळा ठिपका. आणि तो ठिपका हालला! मी किंचाळलेच.  माझ्या हातातून अंडं बाईंनी आपल्या हातात घेतलं आणि पाहत राहिल्या, पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या वेळी डॉक्टरनं टीव्हीवर दाखवलं होतं ना? मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. तू म्हणालीस हे डोकं, मी म्हटलं हो. आज कळलं."

काही अंडी नुसती पिवळी निघाली, आत शिरा नाहीत, ठिपका नाही. कोंबडा नसताना घातलेली असणार. बाईंनी मला तीनतीनदा विचारलं, "यात जीव आलाच नाही, की येऊन गेला?" हा फरक माझ्या डोक्यातही आला नसता. आलाच नसेल तर पाप नाही, दुःख नाही. येऊन गेला असेल तर खमावायला, त्याची क्षमा मागायला हवी. 'काही नाही' हे उत्तर त्यांना चालायचं नाही. काय दिसतं ते नीट सांग, म्हणायच्या. शिरा नाहीत? रक्ताची रेघ नाही? पक्कं? मग ते अंडं अंगणात पुरलं जायचं. सुमनबाई दुरून पाहायच्या आणि म्हणायच्या, "व माय, इतला चांगला आंडा!"

यंदा बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. तरी परवा तांबडीची अंडी पाहायला त्या बसल्याच. अंडं हातात त्यांच्या, डोळे माझे. आणि प्रश्न तेच. मला कधीकधी कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. स्वयंपाक पडलेला असतो, गॅसवर कुकर ओरडत असतो, आणि ही बाई एका अंड्यासाठी विचारते आहे, डाव्या बाजूला फिरवून पाहिलंस का? पण मग वाटतं, इतकं नीट कोण पाहतं हो एखाद्याकडे? डॉक्टरकडे गेलं तर तोही मान वर न करता गोळ्या लिहितो.

तर त्या वर्षीची खरी गंमत, गंमत कसली, खरा घोळ पुढेच झाला. पावसाळ्यात दिव्यावर किडे किती येतात ते तुम्हाला माहीत आहे. एका सकाळी बाईंनी खोका उघडला तर बल्बाखाली पाखरांचा खच. हवेच्या भोकांतून आत शिरलेली आणि होरपळलेली.  "एकाला जगवायला मी इतके मारले," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी समजूत काढायला गेले, तर उलट मलाच म्हणाल्या, "ते किडे होते म्हणून कमी होतात का?" मग उठल्या, आपली जुनी मलमलची साडी फाडली आणि दुहेरी पट्ट्या करून प्रत्येक भोकावर शिवून टाकल्या. आमच्याकडे पाणी गाळायलाही दुहेरीच कापड लागतं ना, तोच हिशेब. किडे थांबले. बाई निश्चिंत झाल्या. मीही झाले.

हवाही थांबली होती, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्याच्या वाफेनं ती मलमल भिजून घट्ट झाली होती. अशी चूक आमच्यासारखेच करणार, दुसरं कोण करेल? एव्हाना अंड्यांत पिल्लं मोठी झाली होती, बॅटरीवर धरलं की आत काळोखच दिसायचा, टोकाला तेवढी उजेडाची टोपी. रोज वळवळ दिसायची. त्या दिवशी पाहिलं तर कुणी हलेना. खोक्याच्या आतल्या भिंतींवर पाण्याचे थेंब.  मी "बाई!" म्हणून ओरडले आणि कात्री घेऊन पट्ट्या उसवायला लागले. बाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. पण ही बाई रडत बसणारी नव्हेच. आत गेल्या, बाबूजींच्या पलंगावरची मच्छरदाणी सोडून आणली, कोठीत खाटेला बांधली, आणि भोकं उघडी ठेवून अख्खा खोकाच मच्छरदाणीत ठेवला. हवा आत, किडे बाहेर. इतकं साधं! पुढचे सगळे दिवस बाबूजी डास मारू शकत नाहीत म्हणून हातानं नुसते हाकलत झोपले. तक्रार मात्र केली नाही.

अंडी हळूहळू पुन्हा हलायला लागली. एका अंड्याचं मात्र नक्की कळेना.

पर्युषण सुरू झालं होतं आणि बाईंनी अठाई धरली होती. म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. बाईंना बीपी, डॉक्टरांनी नको म्हटलेलं. पण अठाईत माणूस कसा उजळतो ते पाहायला हवं. त्या आठवड्यातच एकेक अंडं फुटलं. आतून टकटक, मग बारीकशी चीर, मग चोच. ओलीचिंब, दमलेली पिल्लं तासाभरात कापसासारखी फुलून चिवचिवायची. घरभर आवाज. स्थानकात खबर न जाते तरच नवल! सुमनबाई मच्छरदाणीला नाक लावून बसल्या आणि भुर्जीचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. मग प्रश्न आला, ही पिल्लं द्यायची कुणाला? ज्याला द्यावी तो खाणार. पांजरापोळवाले म्हणाले, आम्ही फक्त गाई घेतो. म्हणून ती आमच्याच अंगणात राहिली, पेन्शनीत निघाल्यासारखी, आणि त्यांच्याच लेकी-नाती आता दर चौमाशाला खुडूक होतात.

पण त्या वर्षी एक अंडं राहिलं. बाकी सगळी कधीच फुटली होती, हे तसंच. बॅटरीवर धरलं तर सगळा काळोख. हालचाल दिसते असं वाटायचं, मग वाटायचं, आपलाच हात हलला. संवत्सरी झाली, सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं पारणं. मुगाचं पाणी, पेजेसारखी पातळ राब, सगळं तयार. बैठकीत स्थानकातली मंडळी बाईंना शाता, म्हणजे खुशाली, विचारायला जमली होती. आणि बाई कोठीत, त्या अंड्यापाशी. "याचं काय ते कळल्याशिवाय मी घोट घेणार नाही," त्यांनी मला सांगितलं. "भोकं मी बुजवली होती." ओठ सुकले होते. मी घाबरले. पडल्याबिडल्या तर?

बाबूजी बोलवायला आले. दारातच थांबले, मग पहिल्यांदाच कोठीत आले. "लोक खोळंबलेत," म्हणाले. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेल्या माणसांना फार बोलावं लागत नसावं. बाबूजी खाटेजवळ येऊन उभे राहिले.

शेवटचा एक उपाय मी मोबाइलवर पाहिला होता. अंडं कोमट पाण्यात सोडायचं. आत जीव असेल तर अंडं डुलतं, पाण्यावर बारीक वलयं उठतात. पातेल्यात कोमट पाणी आणलं, बाईंनी अंडं अलगद सोडलं. ते तरंगलं. पाण्यावर वलयं उठली! "आहे!" मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "थांब. आपला श्वास लागतोय." आणि त्यांनी कनवटीची मुहपत्ती काढून तोंडावर बांधली. बोलताना तोंडाच्या वाफेनं हवेतल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून आम्ही सामायिकात बांधतो ती पांढरी पट्टी. मी पदर तोंडावर घट्ट धरला. बाबूजींनी खिशातून आपली मुहपत्ती काढली आणि बांधली. तिघं जण त्या पातेल्यावर वाकलो. बाहेर बैठकीत कुणीतरी हसलं, कपबशा वाजल्या. पाणी हळूहळू निवांत झालं. आम्ही पाहत राहिलो. पाणी हललं नाही. बाईंनी अंडं किंचित फिरवलं, पुन्हा थांबल्या. पाणी हललं नाही.

कितीतरी वेळानं बाईंनी मुहपत्ती सोडली. "गेलं," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या चौमाशात पहिल्यांदा ऐकला. अंडं पाण्यातून काढून पदरानं टिपलं, दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्यासमोर मान वाकवली. "मिच्छामि दुक्कडं. माझ्या हातून झालं." आवाज अगदी स्वच्छ होता. मला हुंदका आवरला नाही. मोठमोठी माणसं क्षमा मागतात तेव्हा त्यांच्या नजरेचा एक कोपरा लोकांवर असतो. इथे पाहणारं कोण होतं? आणि ज्याची मागायची ते तर ऐकायलाही उरलं नव्हतं. तरी मागितली, पुरती मागितली. अशा बाईच्या घरात मी नांदते याचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच कधी वाटला नाही.

त्या उठायला गेल्या आणि त्यांना चक्कर आली. मी धरलं. बाबूजी पुढे झाले आणि त्यांनी ओंजळ केली. "दे इकडे," म्हणाले. "मी पुरून येतो. तू पाणी घे आधी."

बाईंनी अंडं त्यांच्या ओंजळीत ठेवलं. मागच्या दारापाशी गुडघाभर चिखल साचला होता, अंगणात जायचं तर बैठकीतूनच वळसा. मी घाईघाईनं नॅपकिन आणला. "बाबूजी, झाकून न्या. सगळे बसलेत बाहेर."

"कशाला?" ते म्हणाले आणि तसेच निघाले.

 मी बाईंना धरून बैठकीच्या दारात उभी होते. कुणीतरी विचारलं, "शेठजी, हातात काय आहे?"

"अंडं," बाबूजी म्हणाले. "आमच्या घरचं होतं. आज सकाळी गेलं."